दस्तऐवज कोणी उघडला: कार्यालयातील फाइल सर्व्हर की क्लाउड सेवा?

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुट्या भागांची ड्रॉइंग्ज अनेकांच्या हाताखालून जातात, म्हणून ती कोणी उघडली याची नोंद विश्वासार्ह असणे अत्यावश्यक आहे.

विंडोज फाइल सर्व्हरवर ऑडिट धोरण (कोणी काय उघडले याची नोंद ठेवणारी सेटिंग) सुरू करून संबंधित फोल्डरवरही ते स्वतंत्रपणे लावावे लागते. त्यानंतर ४६६३ क्रमांकाच्या नोंदीत वापरकर्ता आणि फाइलचा मार्ग दिसतो. मात्र त्या नोंदीत संगणकाचा आयपी पत्ता नसतो. तो हवा असल्यास लॉगऑन आयडी (त्या लॉगइनचा क्रमांक) जुळवून ४६२४ क्रमांकाची, म्हणजे लॉगइनची, नोंद शोधावी लागते, आणि एकच फाइल उघडली तरी अनेक नोंदी पडत असल्याने हे काम किचकट होते. लॉगची, म्हणजे या नोंदींच्या फाइलची, मर्यादा वाढवली नाही, तर जुन्या नोंदींवर नव्या चढतात.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या क्लाउड सेवेत फाइल पाहणे आणि डाउनलोड करणे या वेगळ्या नोंदी असतात, शिवाय आयपी पत्ताही बहुधा सोबतच मिळतो. ऑक्टोबर २०२३पासून सर्वसाधारण परवान्यात नव्या नोंदी १८० दिवस राहतात. पूर्वी ही मुदत ९० दिवस होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांतही १८० दिवसांचेच लॉग मागितले आहेत, पण ग्राहकाची तक्रार वर्षभराने आली तर ही मुदत तोकडी पडते.

माझे मत क्लाउडच्या बाजूने आहे, परंतु नोंदी दरमहा निर्यात करून प्रशासकालाही पुसता येणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.