ब्राउन्स पिओनीच्या बिया मागवल्या, तीन वर्षांचा अनुभव

आम्ही आयडाहोत बॉइझीला राहतो. इथल्या डोंगरात सेजब्रशच्या झुडपांमध्ये ही जंगली पिओनी पहिल्यांदा दिसली आणि मी अक्षरशः जमिनीवर आडवी झाले, कारण फूल खाली मान घालून असतं, वरून काही कळतच नाही. जाड, मरून रंगाच्या पाकळ्या, कडेला पिवळसर हिरवी किनार, पानं निळसर राखाडी. दुकानातल्या गुबगुबीत गुलाबी पिओनीची सवय असेल तर हे फूल छोटं वाटेल, मला मात्र हेच जास्त आवडतं. उत्तर अमेरिकेत मूळच्या पिओनी दोनच, ही आणि कॅलिफोर्नियाची. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला ही १८२६ मध्ये वायव्य अमेरिकेतल्या ब्लू माउंटन्स डोंगरांमध्ये बर्फाच्या कडेला सापडली होती.

तर बियांबद्दल. दहा बिया आल्या, काळ्या टपोऱ्या, एकदम ताज्या. ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरून बाहेर थंडीत ठेवल्या, आधी आत मूळ धरतं आणि मग वसंतात पान वर येतं, त्यामुळे उकरून बघू नका. सहा उगवल्या, मी खूश. पण पाकिटावर उन्हाळ्यातही नियमित पाणी घाला असं छापलंय ते साफ चुकीचं आहे, उन्हाळ्यात हे झाड पानं सुकवून झोपी जातं, तेव्हा त्याला कोरडंच हवं असतं, आणि त्या सूचनेपायी माझी दोन रोपं कुजली, फार वाईट वाटलं. विक्रेत्याला कळवलंय. बियांना पाच स्टार, सूचनेला एक. उरलेल्या चारांना अजून फूल नाही, त्याला काही वर्षं लागतातच. आणि प्लीज, डोंगरातून खणून आणू नका.