लोअरिंग स्प्रिंगनंतरचे कॅम्बर बोल्ट: पैसे वसूल, पण घाई नको

स्प्रिंग बदलून गाडी 30-35 मि.मी. खाली आणली की पुढच्या चाकांचा माथा आत झुकतो. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. स्विफ्टसारख्या गाडीत स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उभा भाग) दोन बोल्टांनी नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) जोडलेला असतो. त्यातला वरचा काढून कॅम्बर बोल्ट, म्हणजे मध्य सरकलेला एक्सेंट्रिक बोल्ट घालायचा. तो फिरवून झुकाव सुधारता येतो. स्ट्रटच्या माथ्यावर बसणाऱ्या कॅम्बर प्लेटपेक्षा बराच स्वस्त आणि रोजच्या गाडीला पुरेसा. गोल्फसारखा क्लॅम्पमध्ये आवळलेला स्ट्रट असेल तर मात्र घेऊ नका, बसणारच नाही.

मूळ बोल्टचा व्यास व्हर्नियरने मोजूनच किट मागवा. नवा बोल्ट मधे बारीक असतो, म्हणून मूळ बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) त्याला लावू नका. किटच्या कागदावरचाच टॉर्क, तोही टॉर्क रेंचने. एअर गनने आवळला की ताणला जातो, आणि सैल राहिला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात सरकतो. बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की सरकला समजा.

स्प्रिंग बसायला काहीशे किलोमीटर द्या, मगच अलाइनमेंट. आधी कॅम्बर, नंतर टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते). हा क्रम सोडू नका, कारण कॅम्बर हलवला की टो बिघडतो, आणि टायरची आतली कड झिजवण्यात टोचाच हात मोठा. रस्त्यासाठी कॅम्बर उणे (माथा आत) अर्धा ते एक अंश ठीक. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. मागच्या टॉर्शन बीमला (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या भागाला) या बोल्टांचा उपयोग नाही, तिथे शिम (पातळ चकत्या) लागतात.