मुरगळलेला घोटा: मालीश की एक्स-रे?
रावेर-यावलच्या केळीबागेत ओल्या सरीत पाय मुरगळला की पहिली धाव मालीश करणाऱ्याकडे असते, कारण तो गावातच भेटतो. परंतु ताणलेले अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे पट्टे) पहिले 2 दिवस चोळले किंवा शेकले तर सूज वाढते; त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे लावून, क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा, साध्या मुरगळीला बहुधा एवढे पुरते. मात्र 4 पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबताच कळ येत असेल, तर जळगाव-भुसावळला अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन एक्स-रे काढावाच. मधुमेह्याने तर मालीशच्या वाटेला जाऊच नये, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या पावलात हाड मोडले तरी वेदना जाणवेलच असे नाही.