लूर्द, चैया, काठमांडू की बेलापूर? आध्यात्मिक उपचारासाठी परदेशी जाण्याआधी

वाशीच्या किंवा घोडबंदरच्या एखाद्या हॉलमध्ये 'हीलिंग टूर'ची माहिती देणारा कार्यक्रम झाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जाऊन तर येऊ. दुसरा पैशांचा हिशोब मांडतो. या वादात एक प्रश्न मात्र राहून जातो: जाणाऱ्याला नेमकं हवंय काय? आजार बरा व्हावा, मन थाऱ्यावर यावं, की श्रद्धा आहे त्या एका जागी जाऊन डोकं टेकवायचंय?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जागेवरच श्रद्धा असेल तर परदेशी जाण्याला पर्याय नाही, जरूर जा. मौन आणि ध्यान हवं असेल तर ते ठाणे जिल्ह्यातच मिळतं, आधी इथे करून पाहा. आणि कोणी आजार बरा करण्याची हमी देत असेल तर तिकीटच काढू नका.

लूर्द: जागेसाठी जायचं ठिकाण

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी लूर्द आहे. 1858 मध्ये बर्नादेत सुबिरू या 14 वर्षांच्या मुलीला तिथल्या गुहेत मारियामातेचं 18 वेळा दर्शन झालं, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. वसई, ठाणे, कल्याणकडची ख्रिस्ती कुटुंबं चर्चच्या गटाबरोबर तिथे जातात, पण गुहेत आणि मिरवणुकीत कोणत्याही धर्माच्या माणसाला मोकळेपणी जाता येतं. प्रवेशाला पैसे नाहीत, झऱ्याचं पाणी नळावर फुकट मिळतं.

लूर्दचा प्रामाणिकपणा आकड्यांत दिसतो. 1883 पासून तिथे वैद्यकीय नोंदींचं कार्यालय आहे. 'मी बरा झालो' असं सांगणाऱ्यांची कागदपत्रं डॉक्टर तपासतात. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, ते टिकलं का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे सगळं पाहिलं जातं. आजवर 7000 हून जास्त प्रकरणं नोंदली गेली. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केली ती 2025 पर्यंत 72. तिकडे दरवर्षी जाणाऱ्या लाखो लोकांच्या मानाने हा आकडा किती लहान आहे ते पाहा, आणि मगच 'हमखास गुण' म्हणणाऱ्या एजंटाचं बोलणं ऐका.

अडचण होते ती स्नानाच्या बाबतीत. लोक संगमरवरी कुंडात बुडी मारायच्या तयारीने जातात. कोविडच्या काळात ही बुडी थांबली आणि ओंजळीत पाणी घेऊन हात-तोंड धुण्याचा, पाणी पिण्याचा विधी सुरू झाला. आपण जाऊ त्या दिवशी काय चालू असेल हे निघण्याआधी बघून ठेवा. पाणी साधारण 12 अंश, म्हणजे चांगलंच गार असतं. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने बुडीचा हट्ट धरू नये. मोठे गट आणि रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक यांचा मुख्य हंगाम ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात, गर्दी मात्र नसते. पाणी घरी आणायचं तर बाटली चेक-इन बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरची बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

खर्चाचा आणि मनस्तापाचा मोठा भाग शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण 45 दिवसही लागू शकतात. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून मे महिन्यात जायचं तर जानेवारीतच हालचाल करा. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्जात प्रवासाचा उद्देश 'वैद्यकीय' लिहू नका. तसं लिहिलं की तिथल्या रुग्णालयाचं पत्र आणि खर्चाची सोय मागतात, आणि लूर्द हे रुग्णालय नाही. पर्यटन म्हणून अर्ज करा आणि सोबतच्या पत्रात तीर्थयात्रेला जात असल्याचं स्पष्ट लिहा. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून थेट वेगवान गाडीने लूर्दला पाचेक तास लागतात. विमानतळावरून त्या स्टेशनला जाण्यासाठी शहर ओलांडावं लागतं, त्याला दीड-दोन तास धरा.

एवढं झेपणार नसेल तर वेळांकण्णी आहे. तमिळनाडूतल्या या तीर्थाला 'पूर्वेचं लूर्द' म्हणतातच. 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हे यात्रेचे दिवस टाळले तर म्हाताऱ्या माणसालाही शांतपणे दर्शन होतं.

मौनासाठी थायलंड, नेपाळ की आपलं पारसिक हिल?

थायलंडच्या दक्षिणेला सुरत थानी प्रांतात चैया गावाजवळ सुआन मोख हा विहार आहे. बुद्धदास भिक्खूंनी तो 1932 मध्ये सुरू केला. परदेशी साधकांसाठी जवळच वेगळं केंद्र आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दहा दिवसांचं मौन शिबिर सुरू होतं आणि आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी स्वतः हजर राहून नाव नोंदवण्याची पद्धत आहे. पहाटे चारला घंटा, सिमेंटच्या ओट्यावर चटई, उशीला लाकडाचा ठोकळा, दोन वेळचं शाकाहारी जेवण. शिकवतात आनापानसती, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाच्या सोळा पायऱ्या, आणि तीही इंग्रजीत. राहण्या-जेवणासह शुल्क काही हजार बाट इतकंच, त्यामुळे खरा खर्च विमानाचा.

काठमांडूजवळच्या कोपन मठाचा स्वभाव वेगळा आहे. तिबेटी परंपरेतला हा मठ लामा येशे आणि लामा झोपा रिनपोछे यांनी उभा केला. तिथला महिनाभराचा नोव्हेंबर कोर्स 1971 पासून चालत आला आहे. लहान कोर्स आठवडा-दहा दिवसांचे असतात. इथे प्रवचन आहे, प्रश्न विचारता येतात, गटात चर्चा होते. ज्याला 'का' आणि 'कसं' विचारल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने सुआन मोखच्या ऐवजी इकडे यावं. इंग्रजी प्रवचन तासभर ऐकण्याची सवय मात्र हवी.

आता तिसरी बाजू. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर जगभर एकाच साच्यात चालतं. तेच वेळापत्रक, तीच ध्वनिमुद्रित प्रवचनं. पहिले तीन दिवस आनापान, मग शरीरभरच्या संवेदना पाहणं. काठमांडूच्या धम्मशृंगमध्ये जे मिळतं तेच इगतपुरीच्या धम्मगिरीत, सीबीडी बेलापूरच्या पारसिक हिलवरच्या धम्मविपुलमध्ये आणि खडवलीच्या धम्मसरितामध्ये मिळतं. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. ठाण्याहून इगतपुरी रेल्वेने शंभरेक किलोमीटर, खडवली तर लोकलवरच. विपश्यनेसाठीच नेपाळला जाणं म्हणजे दाराशी विहीर असताना टँकर मागवणं. थायलंड-नेपाळचा विचार करा तो सुआन मोख किंवा कोपन यांच्या वेगळ्या पद्धतीसाठी.

शिबिरं फसतात कुठे? बहुतेकदा औषधांमध्ये. नैराश्याच्या किंवा बायपोलरच्या गोळ्या चालू असलेला माणूस अर्जात ते लपवतो, किंवा 'आता ध्यानच करणार' म्हणून गोळी सोडतो. दहा दिवसांच्या मौनात लक्षणं उसळली तर परक्या देशात, परक्या भाषेत सावरणं फार अवघड जातं. गोळ्या मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच चालू-बंद करायच्या आणि अर्जात सगळं खरं लिहायचं. नकार आला तरी तो आपल्या भल्याचाच. दुसरी अडचण मधुमेहाची. या शिबिरांत मुख्य जेवण दुपारीच संपतं, रात्री फार तर फळ किंवा पेय. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर रात्री खाली येऊ शकते. डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या आणि संध्याकाळच्या खाण्याची सोय केंद्राला आधीच विचारा.

कागदपत्रांत नेपाळ सगळ्यात सोपं. व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, 15 ते 65 वर्षांच्या माणसाचं आधार कार्ड चालत नाही. थायलंडने भारतीयांना 2024 मध्ये 60 दिवस व्हिसाविना राहण्याची मुभा दिली. तिथले नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटाआधी तपासा. 1 मे 2025 पासून आगमनाचं डिजिटल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट बनावट समजा.

ब्राझील आणि पेरू

ब्राझीलमधल्या अबादियानियाला जगभरचे रुग्ण जायचे. तिथला उपचारक जुआंव तेशेरा द फारिया, म्हणजेच 'जॉन ऑफ गॉड', याच्यावर 2018 मध्ये शेकडो स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. 2019 मध्ये त्याला 19 वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पुढे आणखी शिक्षा होत गेल्या. असे उपचारक करतात तो बोटांनी शस्त्रक्रिया केल्याचा दावा हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. इथे ज्या माणसावर गुन्हा दाखल होईल, त्याच्याकडे तिकडे लाखभर रुपये खर्चून कशाला जायचं?

पेरूतल्या आयावास्का या काढ्याचं प्रकरण वेगळं. तो पिण्याचा विधी ही तिथल्या आदिवासींची खरी परंपरा आहे आणि 2008 मध्ये पेरूने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. पण त्या काढ्यातल्या वेलीत शरीरातल्या एमएओ या विकराला रोखणारी द्रव्यं असतात. एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळ्यांबरोबर त्यांचा संयोग जिवावर बेतू शकतो. काढ्यातलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य भारतात अमली पदार्थ कायद्याखाली येतं, म्हणून बाटली बॅगेत आणण्याचा विचारही नको. दोन्ही देशांतून परतताना भारतात पीतज्वर लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या. नाहीतर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

रुग्णाला न्यायचं असेल तर

हृदयविकार, फुफ्फुसाचा आजार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर विमान कंपनीचा मेडिफ, म्हणजे रुग्णाच्या प्रकृतीची माहिती देणारा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. हे काम शेवटच्या दोन दिवसांवर टाकू नका. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात चालत नाही, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण परवानगी घेऊनच. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. प्रवासविमा घेताना जुना आजार लपवला तर दावा नाकारला जातो. जाहीर केला तरी बऱ्याच पॉलिसी फक्त जीवघेण्या प्रसंगाचाच खर्च देतात, आणि उपचारासाठी म्हणून केलेला प्रवास बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. तो परिच्छेद एजंटाकडून तोंडी ऐकू नका, वाचून घ्या.

औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत जेनेरिक नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांवर थायलंडमध्ये कडक नियम आहेत, त्या तीस दिवसांपेक्षा जास्त नेऊ नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सेवा केंद्रातून पासपोर्ट काढायचा असेल तर साध्या 36 पानी पुस्तिकेला 1500 रुपये आणि तत्काळला आणखी 2000. घर बदललं असेल तर पोलीस पडताळणीत अडकतं, म्हणून नव्या पत्त्याचा पुरावा आधी करून घ्या. आणि नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावरचा कोड नीट वाचा: बीओएम म्हणजे अंधेरी-सहारकडचं, एनएमआय म्हणजे उलव्याचं. खारघरच्या माणसाला चुकीच्या विमानतळावर टॅक्सीने उतरवलं तर खाडी ओलांडून परत यायला लागणारा वेळ चेक-इन बंद व्हायला पुरेसा आहे.