सोमवारची शिकवणी : मोटोजीपीच्या इंग्रजी बातम्या, दोन वर्षं वाचल्यानंतर

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, एकोणीस वर्षं झाली. शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमात. इंग्रजीची अक्षरं लागायची, शब्दही सुटे सुटे लागायचे, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असायची. कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तोवर त्यावाचून काही अडलं नाही, कान लावला की इंजिन स्वतःच सांगायचं काय दुखतंय ते. 2020 मध्ये बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम, आला, सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर झाले, आणि सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय हात घालायची सोय राहिली नाही. म्हणून 2022 साली एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला साडेसात हजार भरले. तीन महिने रोज संध्याकाळी गेलो. स्वतःची ओळख, आवडता सण, विमानतळावरचं संभाषण हे सगळं पाठ केलं. क्लास संपला आणि महिनाभरात सगळं पुसलं गेलं, कारण त्यातलं काहीच मला कुणाला सांगायचं नव्हतं.

मला इंग्रजी शिकवलं ते मोटोजीपीच्या, म्हणजे दुचाकींच्या जागतिक शर्यतींच्या, बातम्यांनी. दोन वर्षं त्या नेमाने वाचतोय, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो. माझ्यासारख्या कुणाला तरी उपयोग होईल.

सुरुवात झाली सप्टेंबर 2023 मध्ये. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. गॅरेजमध्ये येणारी पोरं आठवडाभर तेच बोलत होती. रविवारी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून ती शर्यत पाहिली. उकाड्यामुळे लॅप, म्हणजे सर्किटच्या फेऱ्या, कमी करून 21 केले होते. मार्को बेझेक्की जिंकला, होर्हे मार्टिन दुसरा आला, पण गाडीवरून उतरल्यावर मार्टिनला उभं राहवेना, खालीच बसला. त्याला नेमकं काय झालं ते कळेना. सोमवारी गॅरेजला सुट्टी. सकाळी चहा घेऊन बसलो आणि मोटोजीपीच्या अधिकृत संकेतस्थळावर शर्यतीचा रिपोर्ट उघडला. पाऊण तास लागला, पण सगळा वाचला. 'डीहायड्रेशन' हा शब्द तिथे भेटला आणि अर्थ शोधावा लागला नाही, कारण तो माणूस कसा बसला होता ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

या बातम्यांचं बळ तेच आहे. अर्थ आधीच हातात असतो, शब्द मागून येतो. कोण कुठल्या वळणावर पडला, कुणी कुणाला कुठे गाठलं, हे काल पाहिलेलं असतं. आज तेच इंग्रजीत कसं सांगतात एवढंच बघायचं. डिक्शनरी हवी तेव्हा असतेच, पण ती दुसऱ्यांदा वाचताना काढायची.

एक उदाहरण जरा खोलात सांगतो. 2 मार्च 2025, थायलंडमधलं बुरिराम. मार्क मार्केझची डुकाटीच्या मुख्य टीमकडून पहिलीच मुख्य शर्यत. सुरुवातीपासून पुढे होता, आणि सातव्या लॅपला त्याने एकाएकी वेग कमी करून धाकट्या भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ दिलं. आमच्या पोरांनी लगेच निष्कर्ष काढला, भावाचं प्रेम! मग कितीतरी लॅप तो भावाच्या मागे बसून राहिला, शेवटचे तीन लॅप उरले असताना पुढे निघाला आणि जिंकला. सोमवारी वाचल्यावर कारण समजलं : पुढच्या टायरमधली हवा. नियम असा आहे की पुढच्या टायरचं प्रेशर 1.8 बारच्या खाली जाता कामा नये, आणि मुख्य शर्यतीच्या निदान 60 टक्के लॅपमध्ये ते तेवढं राहिलं पाहिजे, नाहीतर वेळेत 16 सेकंद वाढवतात. एकटा पुढे पळणाऱ्याच्या टायरला थंड वारा मिळतो, त्यामुळे प्रेशर चढत नाही. दुसऱ्या गाडीच्या मागे राहिलं की तिची गरम हवा अंगावर येते, टायर तापतो, प्रेशर वाढतं. 1.8 बार म्हणजे आपल्या मापात साधारण 26 पीएसआय. रोज मी गिऱ्हाइकांच्या गाडीत हवा भरतो, 26 म्हणजे काय ते माझ्या हाताला माहीत आहे. त्या एका रिपोर्टातून 'लेट हिम थ्रू' (त्याला पुढे जाऊ देणे), 'ड्रॉप बॅक' (मागे पडणे), 'सिट बिहाइंड' (मागे लागून राहणे), 'क्लीन एअर' (समोर गाडी नसताना मिळणारी मोकळी हवा) हे चार प्रयोग माझे झाले ते कायमचे. ते पाठ केलेले नाहीत. ती शर्यत आठवली की तेही आपोआप आठवतात.

इंग्रजीत जिथे मराठी माध्यमाची माणसं हमखास अडतात, ते म्हणजे एकाच क्रियापदाला शेपूट जोडून केलेले वेगवेगळे अर्थ. 'पुल' म्हणजे ओढणे, हे पाचवीत शिकलो. पण 'पुल अवे' म्हणजे बाकीच्यांना मागे टाकून निघून जाणे, 'पुल इन' म्हणजे पिटमध्ये, टीमच्या गॅरेजपाशी, येणे, 'पुल आउट' म्हणजे माघार घेणे, आणि 'पुल ऑफ' म्हणजे अवघड गोष्ट साधून दाखवणे. व्याकरणाच्या पुस्तकात हे एकाखाली एक छापलेलं असतं आणि डोक्यात नुसता गोंधळ होतो. शर्यतीत मात्र प्रत्येकाची जागा वेगळी दिसते. कोण निघून गेला, कोण पिटमध्ये वळला, कोण खांदा धरून परत गेला.

मथळ्यांची भाषा निराळी आहे, ती आधी समजून घ्यावी लागते. घडून गेलेली गोष्टही ते वर्तमानकाळात लिहितात, जिंकला असेल तरी 'विन्स'. आणि पुढे होणाऱ्या गोष्टीला नुसता 'टू' लावतात. 2025 च्या सुरुवातीला मार्टिनला दुखापत झाली आणि तो थायलंडच्या शर्यतीला 'मिस' करणार असं वाचलं. 'मिस' म्हणजे कुणाची आठवण येणं एवढाच अर्थ मला ठाऊक होता. इथे त्याचा अर्थ मुकणार, शर्यत हुकणार. असे बारीक फरक मी वहीत लिहून ठेवतो. दोनशे पानी वही आहे, दीडशेच्या वर पानं भरली. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ लिहीत नाही, कुठल्या शर्यतीत कुणाच्या बाबतीत आला ते लिहितो.

वहीतला माझा सगळ्यात आवडता शब्द 'टो'. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवतात तेव्हा, काही रायडर मुद्दाम हळू चालतात, कुणीतरी वेगवान गडी पुढे येण्याची वाट बघतात आणि मग त्याच्या मागे लागतात, कारण पुढचा वारा फोडतो आणि मागच्याला सरळ रस्त्यावर फुकटचा वेग मिळतो. त्याला 'टो' घेणं म्हणतात. मी मुलीला विचारलं, पायाच्या बोटाचा इथे काय संबंध? ती सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. म्हणाली, "बाबा, स्पेलिंग बघा ना, हा ओढण्याचा टो आहे, पायाचा नाही." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बंद पडलेली गाडी दोरीने बांधून आणतो त्याला आपण 'टोचन' म्हणतो, तो 'टो-चेन' असणार! एकोणीस वर्षं रोज तोंडात असलेला शब्द, आणि तो कुठून आला ते इटली-स्पेनच्या रायडरांच्या बातम्या वाचताना कळलं.

तसंच 'लूज'. बोल्ट सैल असतो तो 'लूस', त्यात दोन ओ. रायडरच्या गाडीच्या पुढच्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते तेव्हा 'लूझिंग द फ्रंट', तिथे एकच ओ आणि उच्चार झचा. आम्ही दोन्हीला 'लूज'च म्हणायचो. मॅन्युअल वाचताना हा एक ओ फार महत्त्वाचा आहे. एका ठिकाणी काहीतरी सैल आहे, दुसऱ्या ठिकाणी काहीतरी हातातून जाणार आहे.

ऐकण्याच्या बाजूबद्दल. शर्यतीनंतर पहिले तिघे इंग्रजीत बोलतात, आणि माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याला याहून चांगला ऐकण्याचा सराव नाही. पेको बान्याया इटालियन, मार्केझ भाऊ आणि मार्टिन स्पॅनिश. यांच्यापैकी कुणाचीच ही मातृभाषा नाही. सोपे शब्द वापरतात, अडतात, थांबतात, वाक्य दुरुस्त करतात, पण सांगायचं ते सांगून मोकळे होतात. जगज्जेता माणूस सगळ्या जगासमोर क्रियापद चुकवतो आणि त्याला कुणी हसत नाही. मी हे पाहिलं आणि त्यानंतर माझी जीभ सुटली. बान्यायापासून सुरुवात करा, तो शांतपणे बोलतो. मग दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर. ऑस्ट्रेलियाचा जॅक मिलर सगळ्यात शेवटी ठेवा, त्याचा वेग आणि उच्चार पकडायला मला वर्ष लागलं. मात्र वाक्यरचना रायडरांकडून उचलू नका. ती लेखी रिपोर्टातून घ्या आणि त्यांच्याकडून धीर घ्या.

याचा प्रत्यक्ष उपयोग झाला का? झाला, आणि चांगला झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियात केटीएम कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. माझ्याकडे केटीएमच्या ड्यूक गाड्या बऱ्याच येतात. बजाज 2007 पासून केटीएममध्ये भागीदार होती आणि आपल्याकडच्या ड्यूक चाकणला बनतात. गिऱ्हाईक घाबरलेले. गाडी विकू का, स्पेअर मिळणार का, असं रोज कुणीतरी विचारायचं. केटीएम शर्यतीत असल्यामुळे या बातम्या मी वाचत होतोच. 'क्रेडिटर' शब्द आला. दुकानात 'क्रेडिट' म्हणजे उधारी, म्हणजे हा उधार देणारा माणूस. फेब्रुवारी 2025 मध्ये या उधार देणाऱ्यांनी आपल्या पैशातले 30 टक्के घेऊन प्रकरण मिटवायचं मान्य केलं, आणि त्यासाठीच्या रकमेत बजाजने मोठा वाटा घातला. हे मी स्वतः इंग्रजीत वाचून गिऱ्हाइकांना मराठीत समजावून सांगितलं. एका कॉलेजच्या पोराची गाडी पडत्या भावात जाता जाता वाचली. मॅन्युअलचं म्हणाल तर आता टॉर्कच्या, म्हणजे कुठला बोल्ट किती आवळायचा त्याच्या, तक्त्याखालच्या सूचनाही वाचतो, पूर्वी नुसते आकडे बघायचो.

उणिवाही सांगतो. या बातम्या विशेषणांनी भरलेल्या असतात. प्रत्येक ओव्हरटेक थरारक, प्रत्येक विजय ऐतिहासिक. ते गाळून वाचायची सवय लागेपर्यंत थकायला होतं. दुसरं, रोजच्या बोलण्याचं इंग्रजी इथे मिळत नाही. बँकेत, दवाखान्यात, फोनवर कंपनीच्या माणसाशी कसं बोलायचं, ते वेगळं शिकावं लागतं. मी त्यासाठी मुलीबरोबर रोज दहा मिनिटं बोलतो. तिसरं, फोनवरचं आपोआप भाषांतर अजिबात लावू नका. 'पोल' म्हणजे शर्यतीत सुटण्याची पहिली जागा, माझ्या फोनने तिचा 'खांब' केला होता. सगळी मजा जाते आणि शिकणं तर होतच नाही. आणि गाड्यांचा नाद नसेल तर या वाटेने जाऊ नका. क्रिकेट आवडत असेल तर क्रिकेट वाचा, शेतीत रमत असाल तर शेतीचं वाचा.

खर्च म्हणाल तर बातम्या आणि निकालाचे तक्ते फुकट वाचता येतात. शर्यतींच्या चित्रीकरणासाठी पैसे भरून वर्गणी घेता येते, शिकण्यासाठी तिची गरज नाही. पहिल्या महिन्यात फक्त निकालाचा तक्ता आणि रिपोर्टाचे पहिले दोन परिच्छेद वाचा. रायडरांची वक्तव्यं दुसऱ्या महिन्यापासून. कोण कुठल्या टीमला जाणार या चर्चा शेवटी. त्यात घडलेलं काही नसतं, 'मे', 'माइट', 'कुड' यांचीच गर्दी असते.

हिवाळ्यात शर्यती बंद असतात तेव्हा मी जुने रिपोर्ट काढतो. यंदा 2021 चा ऑस्ट्रियाचा घेतला. शेवटचे तीन-चार लॅप उरले आणि पाऊस वाढला. पुढचे सगळे पावसाच्या टायरची गाडी घ्यायला पिटमध्ये वळले. ब्रॅड बाइंडर वळला नाही. गुळगुळीत स्लिक टायर, ओला रस्ता, ब्रेक लावायची सोय नाही, आणि वर तीन सेकंदांचा दंड. तरी जिंकला. एका ठिकाणी 'टिपटो' शब्द अडला. मुलीला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. ती टाचा उचलून, हात पसरून, चवड्यांवर एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबा, हा मात्र पायाचाच टो."