मॉर्गन डॉलर: १८८१-एस की १८९३-एस?

मॉर्गन डॉलर म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं. ही दोन्ही नाणी सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची; ‘एस’ ही तिचीच खूण. दोन्हींत ९० टक्के चांदी, वजन २६.७३ ग्रॅम. नुसत्या चांदीच्या भावाने पाहिलं तर मोल सारखंच. पण १८८१ मध्ये तिथे सव्वा कोटीहून अधिक डॉलर पाडले गेले, १८९३ मध्ये फक्त १ लाख.

१८८१-एसचा ठसा इतका ठसठशीत आणि झळाळी इतकी सुंदर, की नाण्याची अवस्था मोजणाऱ्या ७० गुणांच्या शेल्डन श्रेणीत ६५ गुणांचं नाणंही सहज मिळतं. नवशिक्याने हेच घ्यावं. नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या गालावरचे ओरखडे गुण कसे खाली आणतात, हे यावर छान कळतं.

१८९३-एस झिजलेलं असलं तरी हजारो डॉलरना जातं. म्हणूनच लबाडीही फार. दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवतात! अस्सल नाण्यावर ‘लिबर्टी’ या अक्षरांतल्या ‘टी’च्या माथ्यावर बारीक तिरकी रेघ असते. तरीही पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत नसेल, तर माझ्या मते घेऊच नये.

आणि घरच्या चांदीसारखं नाणं घासून लखलखीत करू नका. दोघांचीही किंमत तिथेच पडते.