जुनी पिकअप डीलरकडून घेताना: सगळा सौदा एकगठ्ठा की सुटा सुटा?

आमच्या नारायणगाव भागात सध्या बरेच जण छोटा हत्ती (टाटा एस) विकून जुनी बोलेरो पिकअप बघतायत. गाडी कुठली, मॉडेल कुठलं हे बहुतेकांचं घरीच ठरलेलं असतं, अडतं ते डीलरच्या टेबलावर. तिथे दोन वाटा असतात. एक, आपली जुनी गाडी त्यालाच द्यायची, लोन तोच करून देणार, इन्शुरन्स आणि गाडी नावावर करणंही त्याच्याकडेच, आपण सह्या करायच्या आणि चावी घ्यायची. दुसरी, त्याच्याकडून फक्त गाडी घ्यायची, आपली गाडी बाहेर विकायची आणि पैशाची सोय आपली आपण बघायची. मी दोन्ही केलंय. तीनचाकी अ‍ॅपे देऊन छोटा हत्ती घेतला तो एकगठ्ठा, आणि मागच्या दिवाळीनंतर पिकअप घेतली ती सुटी, म्हणून जे वाटलं ते लिहितोय, तुमच्या गावाकडे डीलर वेगळे असतील तर थोडंफार कमीजास्त होईल.

एकगठ्ठ्याचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. टोमॅटोचा सीझन तोंडावर आलेला असतो, कॅरेट भरून पडलेले असतात, अशा वेळी एक गाडी देऊन त्याच दिवशी दुसरी घेऊन येता येते, मधे एकही खेप बुडत नाही. शिवाय आपली जुनी गाडी कोणाच्या हातात जाते आणि तो ती नावावर करतो की नाही याची काळजी उरत नाही, आणि ही काळजी छोटी नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे तुम्ही गाडी विकली, त्याने नावावर केली नाही आणि अपघात झाला तर भरपाईसाठी नोटीस तुमच्या दारात येणार. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं, आणि अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म 29सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद) ऑनलाइन भरला जातो, तिथून पुढे त्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर. तेव्हा एकगठ्ठा करणार असाल तर त्याचं ते सर्टिफिकेट आधी बघा, भिंतीवर नसेल तर मागा. ते नसेल तर या वाटेचा अर्धा फायदा तिथेच संपला.

आता ज्या गोष्टीने माझं मत फिरलं ती. पिकअप बघायला गेलो तेव्हा मीही एकगठ्ठ्याच्याच तयारीने गेलो होतो. एका यार्डात गाडी पसंत पडली, 2019 ची, बीएस फोर (जुन्या प्रदूषण नियमाची), इंजिनाला हात लागलेला नव्हता. मी विचारलं, शेवटची किंमत काय. तर सेल्समन म्हणाला, "दादा, हप्ता किती झेपतो ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा." मी परत विचारलं, रोख घेतली तर केवढ्याला देणार. तर म्हणे, "रोखीत कशाला अडकवता पैसे, सतरा हजार साडेसहाशे बसतो, जड वाटत असेल तर चौदा हजारात बसवून देतो." कितीही विचारा, उत्तर हप्त्यातच. शेवटी शेठला आत विचारून आला आणि गाडीचे पंचवीस हजार कमी केले, मला बरं वाटलं, आणि चहा संपायच्या आत माझ्या छोटा हत्तीचे टायर गेलेत म्हणून त्याचे वीस हजार कमी झाले, सकाळी हेच टायर त्यांनी बघून ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं. एका खिशात घातलं आणि दुसऱ्यातून काढलं. मला राग किंमतीचा नाही आला, भाव ज्याचा त्याने सांगावा, पण एक आकडा सांगा म्हटल्यावर तो न सांगणं हे मला फार लागलं. मी ज्याच्याशी घासाघीस करतोय तो आकडाच समोर नसेल तर करायची कशाशी?

आणि त्या हप्त्याचा हिशोब घरी येऊन मांडला. पाच लाख लोन, 9 टक्के "फक्त", तीन वर्षं. हे 9 टक्के फ्लॅट असतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पाच लाखांवरच चालू. वर्षाला 45 हजार, तीन वर्षांचे 1 लाख 35 हजार, हप्ता साधारण 17,640. बँक ज्या घटत्या पद्धतीने व्याज लावते त्यात हेच व्याज सोळा टक्क्यांच्या वर जातं. चौदा हजारांचा जो "हलका" हप्ता होता तो चार वर्षांचा, त्यात 45 हजार अजून जास्त जातात. गाडीवर पंचवीस हजार सोडल्याचं कौतुक त्यापुढे काय राहतं ते तुम्हीच बघा. सगळेच डीलर असं करतात असं माझं म्हणणं नाही, फायनान्सवाल्याकडून त्यांना कमिशन असतं, धंदा आहे, समजू शकतो.

सुट्या सौद्याला त्रास आहे, तो लपवत नाही. छोटा हत्ती विकायला वेळ गेला, बघायला येणारे निम्मे लोक नुसतं स्टार्टर मारून जातात, आणि ज्याला दिली त्याला मी सरळ सांगितलं की गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आपण दोघं बरोबरच आरटीओत जायचं आणि ट्रान्सफर होईपर्यंत तुझे दहा हजार माझ्याकडे राहतील. बँकेचं लोनही सावकाश होतं, जुन्या कमर्शियल गाडीला बऱ्याच बँका आढेवेढे घेतात, व्हॅल्युएशन मागतात, आणि तेवढ्यात डीलर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून फोन करत राहतो. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही आणि माल रोज निघतो त्याला हे परवडेलच असं नाही.

पण टेबलावर बसल्यावर जो फरक पडतो तो मोठा आहे. लोन मंजूर, छोटा हत्ती विकलेला, मग बोलायला एकच विषय उरतो, ही समोरची गाडी. दुसऱ्या यार्डात, चाकणच्या अलीकडे, मी बसल्या बसल्या सांगितलं की एक्सचेंज नाही, लोन नाही, एक आकडा द्या. मग बोलणं आपोआप गाडीवर आलं. मी मेकॅनिकला घेऊन गेलो होतो, त्याने खाली वाकून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजले, एक पाटा वरून जादा टाकलेला, म्हणजे गाडी वजनाला जास्त वापरलेली. हौद्याचा पत्रा मागच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर आत जात होता, वरून ताजा रंग मारलेला. मागचे दोन टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले. पासिंग (आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट) संपत आलेलं. एकेक गोष्ट दाखवायची आणि तिचे पैसे बोलायचे, हौद्याच्या पत्र्याला एवढे, टायरला एवढे. यात भांडण होत नाही, कारण दोघांनाही दिसतंय. पासिंगचा मुद्दा तर जरूर धरा, आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी, त्यामुळे आठला टेकलेली गाडी आणि सहा वर्षांची गाडी यांच्या भावात फरक पडलाच पाहिजे. मालवाहतुकीच्या परमिटचंही विचारून घ्या, एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर लागत नाही, वर असेल तर लागतं, आणि ते संपलेलं असेल तर खर्च कोणाचा हे तिथेच ठरवा.

दोन गोष्टी अशा की ज्या डीलर स्वतःहून काढत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 9 लाखांच्या गाडीत हा फरक सत्तर हजारांच्या आसपास बसतो. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव आधीचाच कसा राहील, हे शांतपणे विचारायचं, माझ्या बाबतीत या एका प्रश्नाने बराच आकडा हलला असं मला वाटतं. दुसरं, "वर 18 टक्के जीएसटी लागेल" असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. जुन्या गाडीवर तो 18 टक्के डीलरच्या मार्जिनवर असतो, त्याने घेतली त्या आणि विकली त्या किंमतीतल्या फरकावर, पूर्ण किंमतीवर नाही. म्हणून आकडा घ्यायचा तो सगळं धरून घ्यायचा, वर काही नाही असा.

बोजाचं, म्हणजे गाडीवर आधीचं कर्ज असेल त्याचं, मात्र दोन्ही वाटांत सारखंच. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून फायनान्सचं नाव दिसतंय का बघा, दिसत असेल तर आधीच्या फायनान्सवाल्याची कर्ज फिटल्याची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका, आणि चलनंही तेव्हाच तपासा.

तेव्हा मधेच सीझन आहे, गाडी एकच आहे आणि डीलर अधिकृत आहे, तर एकगठ्ठा करा, फक्त हप्त्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधी गाडीची किंमत आणि तुमच्या गाडीची किंमत दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. पण महिना-दीड महिना थांबता येत असेल तर मी सुटंच सुचवेन, मला तरी त्यात झोप शांत लागली. टोकन देताना पावतीवर गाडीचा नंबर, सगळं धरून ठरलेली किंमत, नावावर कोण आणि किती दिवसांत करून देणार, आणि कागदात अडचण निघाली तर टोकन परत, एवढं लिहून मागा. मला आधी असं कोणी लिहून देत नाही म्हणून सांगितलं, मी बरं म्हणून उठलो, तर पावतीपुस्तक काढून चारही गोष्टी लिहून दिल्या, खाली शिक्क्यासकट.